कमाल रॅम ८ जीबी : हा आकडा कुणाचा?

लॅपटॉप मंदावला की दुकानदार कंपनीचं माहितीपत्रक दाखवतो: कमाल रॅम ८ जीबी. ती आधीच भरलेली असेल, तर नवं यंत्र घ्या म्हणतो. त्या आकड्याविषयी हे मुद्दे.

१. तो बरेचदा यंत्राच्या नव्हे, कंपनीच्या चाचणीच्या मर्यादेचा असतो. २०११च्या मॅकबुक प्रोला अ‍ॅपलने ८ जीबी सांगितले होते. थिंकपॅड एक्स२२०लाही लेनोव्होने तेवढेच. दोन्हींत ८-८ जीबीच्या दोन स्टिक बसवून लोकांनी १६ जीबी चालवले. थिंकपॅड टी४८० तर २०१८चा, अधिकृत मर्यादा ३२. पण ३२ जीबीची एकेक स्टिक बाजारात रुळली ती नंतर, आणि तशा दोन लावल्यावर ६४ जीबी दिसू लागले. चाचणीच्या वेळी मोठी स्टिक हाताशी नसते आणि विकून झालेल्या मॉडेलची फेरतपासणी करण्यात कंपनीला काडीचा रस नसतो.

२. म्हणून प्रत्येक मर्यादा खोटी, असं मात्र नाही. इंटेल ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी लावले तरी वापरता येतात साधारण ३. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे डीडीआर३ लॅपटॉप १६ जीबीची एक स्टिक सहसा ओळखतच नाहीत. ‘नाही’ म्हणणारा दुकानदार दर वेळी फसवतो असं समजू नये.

३. खरं-खोटं ग्राहकाने ओळखायचं कसं? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा व मानक जाणून घेण्याचा हक्क देतो. तेव्हा माहितीपत्रकावर दोन आकडे वेगवेगळे हवेत: कंपनीने तपासलेली रॅम, तपासणीच्या तारखेसह, आणि प्रोसेसर व बोर्ड पेलू शकतील ती रॅम. तक्रारी वाढतील, असं कंपन्या म्हणतील. मग हमी पहिल्याच आकड्यापुरती द्या, कोण नको म्हणतंय? दुसरा दडवू नका.

४. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल, तर तेही खोक्यावर ठळक छापा. मॅकबुक एअर २००८पासून तशीच आहे. तिथे नंतर वाढवायला जागाच नाही.

५. शाळा-महाविद्यालयांच्या लॅपटॉप खरेदीत ‘रॅमसाठी किमान एक मोकळा स्लॉट’ ही अट निविदेतच घालावी. आणि जुन्या यंत्रासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत जाणाऱ्याने रॅम तिथेच लावून घ्यावी, बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसतो का पाहावं, घरी रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी. चुका निघाल्या तर स्टिक परत घेण्याची बोली पैसे देण्याआधीच करावी.