हिमाची उंची नव्हे, वजन विचारा!

हिवाळ्यात वृत्तपत्रांत बातमी येते, 'पहाडांत अमुक फूट हिमवर्षाव'. ती वाचून आपण धरून चालतो की, उन्हाळ्यात नद्यांना भरपूर पाणी येणार. माझ्या मते ही बातमी अर्धीच आहे. हिम किती फूट पडले यापेक्षा त्यात पाणी किती, हे कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

असे का? ताजे हिम पिंजलेल्या कापसासारखे असते. त्यात बहुतेक हवाच असते. त्याचा १ मीटरचा थर वितळला, तर साधारणपणे १० सेंटिमीटर पाणी मिळते. हिवाळाभर हे हिम स्वतःच्याच भाराने दबत जाते. हिवाळा संपताना तशाच १ मीटर थरातून ४० सेंटिमीटरपर्यंत पाणी मिळू शकते. म्हणजे थराची उंची घटली, तरी पाणी घटलेच असे नाही! शिवाय शिखरावरचा वारा एका जागचे हिम उडवून दुसरीकडे ढीग घालतो. मग एका ठिकाणी काठी रोवून काय कळणार?

हे ओळखणारे जेम्स चर्च हे अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवीत. १८९५ च्या हिवाळ्यात ते सुमारे ३,२९० मीटर उंचीच्या माउंट रोझ शिखरावर चढून गेले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तेथे वेधशाळा उभारली. त्यांनी दातेरी टोकाची एक लांब पोकळ नळी तयार केली. ती हिमात तळापर्यंत खुपसायची, आत भरलेल्या हिमासकट वर काढायची आणि तोलायची. वजनावरून पाणी कळते. अशी मोजणी अनेक ठिकाणी करून, वसंतात टाहो सरोवराची पातळी किती वाढेल याचा अंदाज ते आधीच सांगू लागले. सरोवराच्या पाण्यावरून भांडणाऱ्यांना त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला.

आज कृत्रिम उपग्रह आहेत, मग नळी कशाला, असे कोणी विचारील. हिमाने किती प्रदेश व्यापला हे उपग्रह चांगले दाखवितो. पण डोंगराळ भागातील थरात पाणी किती, हे वरून ओळखणे कठीण असते. ते पडताळण्यासाठी जमिनीवरची मोजमापे लागतातच. सतलजचे पाणी भाक्रा धरणात साठते आणि त्यात वितळलेल्या हिमाचा वाटा मोठा असतो. त्यावर शेती आणि वीज अवलंबून आहे. येथे नुसत्या अंदाजावर भागणार नाही.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग जरूर करून घ्यावा. शीतकपाटातील भुसभुशीत बर्फ खरवडून एका पेल्यात न दाबता भरा, दुसऱ्यात ठासून भरा. दोन्ही वितळू द्या आणि पाणी मोजा. पेले सारखेच, मग पाणी वेगळे का?

लॅटिनच्या प्राध्यापकांना हा प्रश्न पडला. तो तुम्हांलाही पडावा, एवढीच अपेक्षा.