घट्ट ऑइल हा इलाज नव्हे

मुखेडच्या माझ्या गॅरेजात जुनी टाटा १६१३ आली की मालक म्हणतो, "मिस्त्री, इंजिन घासलंय, वीस-पन्नासचं घट्ट तेल टाका." मी नाही म्हणतो. घट्ट तेलानं धूर थोडा दबतो, रिंगा काही भरून येत नाहीत. उलट डिसेंबरच्या पहाटे ते बेअरिंग-टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. आपल्या थंडीला १५डब्ल्यू-४० पुरतं. त्याची स्टार्टिंगची चाचणीच उणे २० अंशांवर होते. लडाखचं भाडं घेणाऱ्यानं मात्र ५डब्ल्यू-४० भरावं. तिथं डिझेलही गोठतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं डिझेल आणलं. सोयाबीनच्या हंगामात दुरुस्तीसाठी गाडी उभी ठेवणं जिवावर येतं, मान्य. तरी आधी कॉम्प्रेशन तपासा, रिंगा बदला. घट्ट तेलानं खर्च टळत नाही, वाढतो.