वडापावला बर्गर म्हणू नका

मुंबईतल्या 'उत्तम बर्गर'च्या याद्या हल्ली नगरला बसूनही वाचायला मिळतात. त्यांत शेवटी, उपकार केल्यासारखा, वडापाव असतो, 'इंडियन बर्गर' म्हणून! अहो, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घातला असं सांगतात. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ ला. मग कोण कोणासारखं? पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही बाहेरचा, मान्य. पण बेसनाचं आवरण, लसणाची सुकी चटणी, तळलेली मिरची आणि उभ्याउभ्या खाऊन लोकल गाठायची सोय आपलीच ना? कीर्ती कॉलेजजवळ वड्याबरोबर कुरकुरीत चुरा देतात, तो कुठल्या बर्गरबरोबर मिळतो? निदान आमच्या नगरच्या गाड्यांवर तरी 'बर्गर' अशी पाटी नको. परवा एकाला तसं सांगितलं. तो हसला आणि एक मिरची जास्त दिली.