आकाशातील क्रूस

नातेपुते येथील एका ख्रिस्ती घरी चौकटीत बसवलेले एक छायाचित्र नुकतेच आमच्या पाहण्यात आले. मध्ये अंधूक तेज, भोवती चार प्रकाशबिंदू आणि खाली छापलेली ओळ : ‘परमेश्वराने आकाशात रेखाटलेला क्रूस’. घरच्या मंडळींच्या भाविकतेविषयी आम्हांस आदरच आहे. आमचे भांडण आहे ते ही ओळ छापणाऱ्यांशी आणि प्रार्थनासभांतून तिचा डांगोरा पिटणाऱ्यांशी.

हा ‘आइनस्टाइनचा क्रूस’ होय. पेगासस तारकासमूहातील एका दीर्घिकेच्या गाभ्यात फार दूरच्या क्वेसारचा प्रकाश मिसळलेला १९८५ साली जॉन हक्रा व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. दीर्घिका सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवर, क्वेसार सुमारे ८०० कोटींवर. दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारे किरण वाकतात आणि एकाच क्वेसारची चार बिंबे उमटतात. दीर्घिकेचे वस्तुमान लंबगोल पसरलेले आणि क्वेसार जवळजवळ नेमका तिच्या पाठीशी, म्हणून चार. तो जरा बाजूला असता तर दोनच दिसली असती. १९७९ साली सापडलेले पहिले गुरुत्वीय भिंग तसेच जुळ्या बिंबांचे आहे. रचना याहून नेमकी जुळली की बिंबांचे कडे होते. असे कडेही १९८८ साली सापडले.

नातेपुत्यावरून दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी जाते. शेजारच्या एखाद्या वारकऱ्याने उद्या त्या कड्यास सुदर्शनचक्र म्हटले, तर आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

शंका घ्यावी, तीही रीतीने. क्वेसार दूरचे नसून जवळच्या दीर्घिकांतूनच बाहेर फेकले जातात, असे हॅल्टन आर्प मानीत. या क्रुसाच्या भिंगावरही त्यांनी आक्षेप घेतला. पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक जयंत नारळीकर यांनी आर्प यांचे म्हणणे कधी हसण्यावारी नेले नाही. बहुसंख्य खगोलज्ञांना ते पटले नाही, परंतु वाद झाला तो मोजमापांच्या आधारे. ‘दैवी खूण’ म्हणणाऱ्यांपाशी कोणते मोजमाप आहे?

१९५१ साली पोप पायस बारावे यांनी विश्वारंभाच्या संशोधनात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा अस्वस्थ झाले ते त्या कल्पनेचे जनक फादर जॉर्ज लमेत्रच. स्वतः धर्मगुरू असूनही आपल्या गणिताला श्रद्धेच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे त्यांना मान्य नव्हते.

आम्ही निघताना यजमानांनी विचारले, “मग फोटो उतरवू काय?” आम्ही म्हटले, “राहू द्या. खालची पट्टी तेवढी कापा.” कात्री त्यांच्या सूनबाईंनी आणली.