गच्चीवरचे पाणी आणि भिंतीतील तार

२००३ साली तमिळनाडू शासनाने अध्यादेश काढून राज्यातील प्रत्येक इमारतीस पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला. गच्चीवर पडणारे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था रहिवाशांनी स्वखर्चाने उभारावी आणि राखावी, असा तो आदेश होता. पुढे सर्वत्र नीट देखभाल झाली नाही, २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईची तळी आटली, हे खरे; तथापि त्या आदेशामागचे तत्त्व मोलाचे होते. नागरिक हा पाण्याचा केवळ ग्राहक नसून पाण्याच्या व्यवस्थेचा चालकही आहे, हे शासनाने त्या दिवशी मान्य केले.

आता याच चेन्नईतील एखाद्या शंभर घरांच्या वसाहतीचा विचार करावा. शंभर कुटुंबांनी शंभर निरनिराळ्या जोडण्या घेण्याऐवजी रहिवासी संघाने एकच मोठी जोडणी घ्यावी, इमारतींतून स्वतःची तार फिरवावी, खर्च वाटून घ्यावा, असे त्यांनी ठरवले तर? सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत; या साध्या हिशेबावरच प्रत्येक कंपनीचा व्यवसाय उभा असतो. तोच हिशेब रहिवाशांनी मांडला, की मात्र प्राधिकारपत्राविना दूरसंचार सेवा पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर येऊ शकतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाण्यासाठी ज्यांच्यावर सक्ती केली, त्यांनाच तारेसाठी अपराधी ठरवणारी ही विसंगती प्रशासनाला खटकत कशी नाही?

या विसंगतीचे मूळ जुने आहे. १८८५ च्या तार अधिनियमाने तारयंत्राचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. १९९८ च्या धोरणाने इंटरनेट सेवेचे दार खाजगी क्षेत्रास उघडले, ही त्या काळी मोठीच उदारता होती. परंतु परवाना मिळणार तो कंपनीलाच. तेव्हापासून आपल्या चौकटीत दोनच पात्रे आहेत, कंपनी आणि ग्राहक. शेजारी शेजाऱ्यासाठी काही चालवतो, या तिसऱ्या शक्यतेसाठी अर्जात रकानाच नाही. आणि ज्यास रकाना नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची आम्हा प्रशासकीय मंडळींची सवय सर्वश्रुत आहे.

खेदाची गोष्ट अशी, की तिसऱ्या शक्यतेचे धडे चेन्नईनेच देशाला दिले होते. आयआयटी मद्रासमधील प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉरडेक्ट हे बिनतारी तंत्र विकसित करताना गल्लीतील केबलवाल्याचे उदाहरण वारंवार पुढे ठेवले. नव्वदच्या दशकात केबल घरोघरी पोहोचली ती बलाढ्य कंपन्यांमुळे नव्हे, तर हाकेच्या अंतरावरील माणसामुळे. पुढे १ फेब्रुवारी २००४ रोजी अण्णा विद्यापीठाच्या आवारातून अण्णा एफएम हे देशातील पहिले परिसर-समुदाय नभोवाणी केंद्र सुरू झाले. ध्वनिलहरी जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. २००६ मध्ये नभोवाणी स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली, आणि देश काही बुडाला नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने अर्धे पाऊल टाकले. वाय-फाय पुरवणाऱ्या दुकानदाराला आता परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. हे स्तुत्य आहे. पण तोही शेवटी विक्रेताच. रहिवासी संघाने सभासदांसाठी चालवलेल्या तारेच्या जाळ्याला या योजनेत स्वतःचे असे स्थान नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला सुरक्षिततेचा. कोणत्या घरात कोण राहते, हे दूरच्या कार्यालयापेक्षा रहिवासी संघास अधिक ठाऊक असते. वापराची नोंद ठेवण्याची अट घाला, बंदी कशासाठी? दुसरा आक्षेप अकार्यक्षमतेचा, आणि तो मराठी वाचकास चांगलाच परिचित आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वीजवितरण केले आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये ते काम तिच्या हातून गेले. हे मी नाकारीत नाही. मात्र त्यातून निघणारा धडा वेळेवर वसुली आणि कठोर लेखापरीक्षण यांचा आहे. लोकांनी काही चालवूच नये, हा नव्हे. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यात २०११ पासून ग्रामस्थांनी शेतांतून स्वतः चर खणून आपले तंतुजाल उभारले. तेथील जमीनमालकांनी वाट दिली, शासनाने आडकाठी केली नाही.

आणि हा प्रश्न केवळ स्वस्ताईचा नाही. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात चेन्नईच्या अनेक भागांत विजेबरोबर मोबाइलही मूक झाले. बॅटरीवर चालणारे वसाहतीचे जाळे असते, तर बाहेरची जोडणी तुटूनही, तळमजल्यावर पाण्यात अडकलेल्या वृद्धांचा निरोप चौथ्या मजल्यावर पोहोचला असता.

उपाय कायद्यातच आहे. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम ३(३) नुसार केंद्र सरकार सार्वजनिक हितासाठी प्राधिकारपत्राच्या अटीतून सूट देऊ शकते. नफा न घेणाऱ्या, ठरावीक घरसंख्येच्या आतील, सभासदांपुरत्या जाळ्यांना ही सूट द्यावी. एक पानी नोंदणी, वापराची नोंदवही आणि वार्षिक लेखापरीक्षण एवढ्याच अटी ठेवाव्यात. यासाठी नवा कायदा नको, नवे महामंडळ तर नकोच नको. एक अधिसूचना पुरेशी आहे.

छपरावरचे पाणी ज्यांच्या हाती सोपवले, त्यांच्या हाती भिंतीतील तार सोपवण्यास शासनाने कचरू नये.