दुसऱ्याच्या पुंगळ्या

‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य आपण मराठी पेपरात शेकडो वेळा वाचलंय. आपल्या लेखी पुंगळी म्हणजे पंचनाम्यातली वस्तू. इथे हॉलंडमध्ये रायफल क्लबातली माणसं मात्र खाली वाकून एकेक पुंगळी वेचतात, डब्यात भरून घरी नेतात, आणि नवा प्रायमर, दारू, गोळी भरून पुन्हा वापरतात. याला इथे ‘हेरलाडन’ म्हणतात. परवानाधारकाला ते कायद्याने करता येतं, त्यामुळे डोळ्यासमोर गावठी कट्टा आणू नका. काडतुसात पितळेवर बराच खर्च होतो, ते एका बाराने संपत नाही, आणि डच माणसाच्या काटकसरीबद्दल मी वेगळं काय सांगू!

स्वतःच्या रायफलीतून उडालेली पुंगळी पुन्हा भरा, माझी काही हरकत नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्याच्या पुंगळ्यांशी.

माझ्या एका सहकाऱ्याला लष्करी ७.६२ मिलिमीटरच्या, मशीनगनमधून उडालेल्या पुंगळ्या किलोच्या भावात मिळाल्या. त्याची रायफल स्पर्धेची, चेंबर घट्ट. डायमध्ये दाबून काढल्या तरी बोल्ट शेवटच्या टप्प्यात अडायचा. त्यावर त्याचा उपाय दुहेरी होता: बोल्टच्या मुठीवर तळहाताचा ठोसा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डाय आणखी खाली फिरवून पुंगळी अजून दाबणं. मी धातूंवरच पोट भरतो म्हणून त्याने मला विचारलं.

मूळ गोष्ट अशी आहे. काडतूस मोठ्यात मोठं किती आणि चेंबर लहानात लहान किती, हे प्रमाणकाने ठरतं. युरोपात हे काम १९१४ साली स्थापन झालेली सी.आय.पी. ही संस्था करते. म्हणून नवं काडतूस कुठल्याही चेंबरात जातं. पण बार उडाला की आत सुमारे ४,००० बारपर्यंत दाब होतो (मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच असतो!). पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि दाब गेल्यावर जरासंच मागे येतं. त्यानंतर त्या पुंगळीचं माप प्रमाणकाचं राहत नाही, त्या चेंबरचं होतं. मशीनगनचं चेंबर धूळ-चिखलातही चालावं म्हणून मुळातच ऐसपैस असतं. तिथून आलेली पुंगळी घट्ट चेंबरात कशी बसणार?

डायने दाबलं की बसेल, असं वाटतं. पण पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल, तर तिथल्या कारागिराला जे ठाऊक आहे ते आठवा. ठोकलं की धातू कडक होतो, आणि पुढचं काम करायचं तर भांडं पुन्हा भट्टीत घालावं लागतं. पुंगळीचं पितळ, म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, तसंच वागतं. फुगलं, दाबलं, पुन्हा फुगलं, की ते स्प्रिंगसारखं होतं. डायमधून बाहेर आलं की थोडं परत फुलतं. मान आणि खांदा तापवून मऊ करता येतो, पण बूड नाही. बुडाला दाब सोसायचा असतो, ते मऊ झालं तर रायफलीसकट तोंड फुटायची वेळ येते. आणि नेमकं बुडाजवळच पुंगळी जास्त फुगलेली असते.

आम्ही केलं ते साधंच. प्रायमर नसलेली रिकामी पुंगळी मार्करने काळी केली आणि चेंबरात घालून काढली. खांद्यावरची शाई शाबूत, बुडाच्या जरा वर मात्र पट्टा घासलेला. म्हणजे हा पठ्ठ्या डाय खाली फिरवून ज्या खांद्याला मागे ढकलत होता, त्या बिचाऱ्याचा गुन्हाच नव्हता. खांदा गरजेपेक्षा मागे गेला की बार उडताना पुंगळी लांबीला ताणली जाते, बुडाच्या वर आतून पातळ होते, आणि पुढच्या एखाद्या बाराला तिथून तुटते. तुटली की गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. बुडाशी जास्त आवळणारी वेगळी डाय मिळते, पण फरक काही शतांश मिलिमीटरचा. तो मोजायचा, वंगण लावायचं, आणि दाबल्यावर लांबी वाढते तीही कापायची. चेंबरची मान घट्ट असेल तर पितळाची जाडीही बघायची, कारण मानेला फुलायला जागा नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब भलतीकडे जातो. ठोशाने यातलं काहीच कळत नाही.

घट्ट चेंबर म्हणजे चांगली रायफल, हा समजही अर्धाच खरा. इथून गाडीने दोन-तीन तासांवर, बेल्जियममधल्या ईपरला, एप्रिल १९१५ मध्ये कॅनडाचे सैनिक रॉस रायफल घेऊन लढले. निशाण्याला उत्तम, चेंबर घट्ट. ब्रिटिश बनावटीची काडतुसं त्यात अडकायची, आणि भर लढाईत सैनिक बोल्ट बुटाने लाथाडून उघडत. (बोल्टमध्येही दोष होता, पण चेंबरचा मोठा वाटा होता.) १९१६ मध्ये ती रायफल आघाडीवरून काढून ढिल्या चेंबरची ली-एनफील्ड दिली गेली. स्पर्धेत घट्ट चेंबर जरूर ठेवा, पण मग त्यात काय जातं याची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

पितळेच्या आत कोंडलेल्या ताणाची एक गोष्ट तर आपल्याकडचीच आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि आपोआप तडकत. कारण होतं घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ओल, आणि बनवताना पितळेत राहिलेला ताण. उलगडा व्हायला १९२१ उजाडलं. आजही कुणी जुन्या पुंगळ्या अमोनियाच्या घरगुती क्लीनरने चकचकीत करताना दिसला की मला ते तबेले आठवतात.

इथला कायदा माणसाला कसून तपासतो. आधी वर्षभर क्लबाचं सदस्यत्व, मग परवाना, वर्षाला किमान १८ वेळा नेमबाजीची नोंद, घरी तिजोरी बघायला पोलीस. २०११ मध्ये आल्फेन आन डेन रेन इथे एका परवानाधारकाने सहा जणांना मारलं, त्यानंतर तपासणी कडक झाली. २०१९ मध्ये मानसिक चाचणीही आली. हे सगळं योग्यच आहे. पण त्याच माणसाने घरच्या टेबलावर भरलेलं काडतूस मात्र कुणी मोजत नाही. शेजारच्या लेनमध्ये हातभर अंतरावर मी उभा असतो, म्हणून मला वाटतं की क्लबांनी किमान एक नियम करावा: बाहेरून आणलेली पुंगळी गेजमध्ये बसल्याशिवाय लेनवर येणार नाही. गेज म्हणजे एक भोक पाडलेला पोलादी ठोकळा, फार महाग नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, ‘हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न आहे.’ डच माणसाचं हे ठरलेलं उत्तर!

शेवटी त्याने नवी डाय घेतली. सगळ्या पुंगळ्या पुन्हा दाबल्या, आत वाकवलेली तार फिरवून बुडाच्या वर खाच लागते का ते पाहिलं, आणि ज्यांत लागली त्या पक्कडीने चेचून भंगारात टाकल्या. डाय, वंगण, गेज आणि तीन रविवार असा हिशोब मांडला, तर नव्या पुंगळ्या स्वस्त पडल्या असत्या. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.