वडिलांना होता, मलाही होणार?

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या गप्पांत शुगर येते, बीपी येतं, कुणाचा स्टेंट तर कुणाचे गुडघे येतात. प्रोस्टेटचं नाव निघालं की मात्र विषय बदलतो. पुण्यासारख्या शहरात पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा कर्करोग वरच्या क्रमांकांवर आहे, तरी आपण घरातही त्याबद्दल बोलत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात एका मित्राने फोन करून सरळ विचारलं, "वडिलांना होता, मग मलाही होणारच ना?" तेव्हा मला बरं वाटलं. निदान कुणीतरी विचारलं.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कर्करोग झाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण २०२२ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो अशा घरांतल्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. बारा हजारांहून अधिक पुरुषांची जनुकं आणि राहणीमान त्यात तपासलं होतं. ज्यांच्या जनुकांतच जोखीम सर्वाधिक होती, त्यांच्यातही वजन आटोक्यात ठेवणारे, घाम गाळणारे, धूम्रपान न करणारे आणि नीट जेवणारे जे होते, त्यांच्यात जीवघेण्या प्रोस्टेट कर्करोगाचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. कर्करोग होण्याचं एकूण प्रमाण मात्र घटलं नव्हतं. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चांगल्या सवयी आजाराला दारातच अडवतील असं वचन कुणी देऊ नये. तो जीवावर बेतू नये यासाठी मात्र त्यांचं बळ मोठं दिसतं.

या सवयींत मी चालण्याला पहिला मान देईन. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कर्करोग झालेल्या सुमारे दीड हजार पुरुषांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन तास किंवा अधिक, तेही झपझप चालणाऱ्यांचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण, रमतगमत थोडंच चालणाऱ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होतं. झपझप म्हणजे ताशी पाच किलोमीटर, बारा मिनिटांत एक किलोमीटर. टेकडीवर रोज येणाऱ्या मंडळींनी एकदा घड्याळ लावून पाहावं. गप्पा चालू राहाव्यात, पण दम थोडा लागायला हवा.

पोटाचा घेर दुहेरी नुकसान करतो. लठ्ठपणाने आजार बळावण्याचा धोका वाढतोच, शिवाय जाड माणसाच्या शरीरात रक्ताचं प्रमाण जास्त असल्याने प्रोस्टेटसाठी करतात त्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. धोका जास्त आणि इशारा उशिरा! सिगारेटचं तर काय सांगावं? हा कर्करोग झाल्यावरही ओढत राहणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं.

जेवणासाठी वेगळं काही आणायला नको. तेलात शिजलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन अंगी जास्त लागतं, त्याचा पुरावा पक्का नसला तरी टोमॅटोचं सार खायला कुणाची हरकत नसावी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी, सॉसेज-सलामी टाळावी.

गोळ्यांपासून मात्र सावध राहा. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी हा कर्करोग टळतो का, हे पाहायला अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर मोठी चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता. 'घेतलं तर काय बिघडतं?' याचं याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं हे बहुधा वयानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचं लक्षण असतं. कर्करोग बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. त्रास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पन्नाशीला, आणि घरात कुणाला झाला असेल तर पंचेचाळिशीलाच, पीएसए चाचणी करावी का, तिचे फायदे-तोटे काय, हे डॉक्टरांशी बोला. त्याआधी वडिलांना, काकांना, थोरल्या भावाला विचारून घ्या. ते आपणहून सांगणार नाहीत.